चार्ज दिला, चार्ज घेतला

अंतरकरसाहेबांनी आयुष्यात कुणाला कुठलीही गोष्ट नुसती दिली नाही. ते तिचा चार्ज देत. शेजाऱ्याने शिडी मागितली तर शिडीचा चार्ज: तिसरी पायरी सैल आहे, भिंतीला टेकवताना हा पाय डावीकडे, आणि परत आणताना आडवी आणायची, उभी आणली की आमच्या तुळशीला लागते. शेजारी "हो हो" म्हणून शिडी उचलायला लागला की साहेब तिच्यावर हात ठेवून उभे.

"घेतला म्हणा."

"काय?"

"चार्ज."

"घेतला," तो बिचारा म्हणायचा, आणि मग हात निघायचा. शिडी हवी असली की दर्पण कॉलनीतले लोक सहसा दुसरं घर शोधत.

मी नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या कार्यालयात अधीक्षक होते. पुढे योगायोगाने मला कॉलनीत त्यांच्यापासून दोन घरं सोडून घर मिळालं, त्यामुळे दिवसा साहेब आणि संध्याकाळी शेजारी, असे ते मला दोन्ही वेळेला पुरले. उंच, सडसडीत, बारा महिने इस्त्रीचा शर्ट. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माणसाला अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं, तेव्हा हे गळ्याचं बटण लावून बसलेले. खिशात दोन पेनं. एक लिहायचं आणि दुसरं मागणाऱ्याला द्यायचं. देताना टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवत. बिनटोपणाचं पेन माणूस घरी नेत नाही, असा त्यांचा अनुभव. त्यांचे कुणी पूर्वज दक्षिणेतून इकडे आले आणि दरबारात कोठीवर कामाला लागले म्हणे. कुमुदकाकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणत की त्या पूर्वजाने किल्ल्यांचा जुडगा पुढच्या माणसाला देताना जो वेळ लावला, तोच अजून संपलेला नाही.

आता चार्ज हा शब्द काही साहेबांनी विलायतेहून आणला नव्हता. तो आमच्या गावात सगळ्यांच्याच तोंडी आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी निराळा आहे. ऑटोवाला स्टेशनपर्यंतचा चार्ज सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा ऑटोच विकतोय. डॉक्टर तपासण्याचा चार्ज घेतात. पोलीस चौकात लाठीचार्ज करतात आणि त्यातून जे वाचतात त्यांच्यावर चार्ज लावतात. बँक न विचारता चार्ज कापते. माझी भाची सकाळी योगासनं करून आली की म्हणते, "मावशी, मी एकदम चार्ज झाले." साहेबांच्या लेखी ही सगळी त्या शब्दाची वाया गेलेली भावंडं. खरा चार्ज एकच, जो एक माणूस देतो आणि दुसरा घेतो. त्यात एक क्षण असा येतो की दोघांचेही हात त्या वस्तूवर असतात.

"तो क्षण महत्त्वाचा, संध्याजी," ते मला सांगत. "तिथे घाई करायची नाही."

मी एकदा मराठीचा अभिमान दाखवायला म्हटलं की आपल्याकडे ताबा हा चांगला शब्द आहे की. साहेबांनी चष्मा काढला. ताबा घेणारा म्हणतो, हे आता माझं झालं. चार्ज घेणारा म्हणतो, याला काही झालं तर मला विचारा. दोन्हींत फार फरक आहे. हिंदीतला प्रभार मात्र त्यांना चालत असे. "त्यात भार तरी आहे," म्हणत.

एकदा त्यांचा मोबाईल बिघडला म्हणून आम्ही पाटणकर बाजारात एका दुकानी गेलो. दुकानदाराने फोनला वायर लावून पाहिली, काढून पाहिली, भोकात फुंकर मारली आणि म्हणाला, "अंकलजी, ये चार्ज नहीं ले रहा."

साहेबांचा चेहरा खुलला. "क्यों? मेडिकल पे चला गया?"

दुकानदाराला काही समजेना. मग साहेबांनी त्याला, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, समजावून सांगितलं की असे कर्मचारी त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. बदलीचा हुकूम निघाला की नेमकी यांच्या पाठीत चमक भरते, आणि तीन महिने कोणी चार्ज घेत नाही. दुकानदाराने मुकाट्याने बॅटरी बदलली आणि फोन परत दिला.

"अब ले लिया?" साहेबांनी विचारलं.

"ले लिया, अंकलजी."

"राज़ी-खुशी?"

त्या दुकानदाराने पुढे साहेबांना लांबून येताना पाहिलं की तो जेवायला जात असे.

साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलाचा चार्ज माझ्याकडे आला. इतर ठिकाणी हे काम चहा यायच्या आत उरकतं. कागदावर दोन सह्या, किल्ल्या, नमस्कार. आमच्याकडे ते आठवडाभर चाललं. फायली, शिक्के, कपाटं हे पहिल्याच दिवशी झालं, आणि मी मनात म्हटलं, चला, सुटले. दुसऱ्या दिवशी खरा चार्ज सुरू झाला. तिसऱ्या कपाटाचं दार ओढायचं नाही, उचलायचं. शिपायाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, तो दुपारी तासभर सापडणार नाही, तेव्हा शोधायचं नाही. मोठे साहेब सकाळी कशालाही नाही म्हणतात, तीच फाईल चहानंतर न्यायची आणि पहिल्यांदाच आणल्यासारखा चेहरा ठेवायचा. उत्तरेकडची खिडकी चैत्र-वैशाखात उघडायची नाही, कारण बाहेरच्या कोनाड्यात कबुतरी अंडी घालते.

"कबुतर सरकारी नाही," साहेब म्हणाले, "पण चार्जमध्ये आहे."

"घेतलं," मी म्हटलं.

"घेतला," त्यांनी दुरुस्त केलं.

आणि एकदा दिला की दिला. पुढच्याच महिन्यात एका फाईलीत मी अडकले आणि त्यांना फोन केला. तब्येत कशी आहे, म्हणाले. मी फाईलीचं विचारलं. यंदा ऊन फार आहे, म्हणाले. संध्याकाळी घरी गाठलं, तर मला झेंडूची रोपं दाखवत बसले. दुसऱ्याच्या चार्जमध्ये तोंड घालायचं नाही, म्हणजे नाही. शेवटी कुमुदकाकूंनीच मला फाटकाशी गाठून सांगितलं, "अगं, त्यांना नको विचारत राहूस. कालपासून तुझ्या फाईलीपायी नीट जेवून नाही राहिले. पण मरतील, सांगणार नाहीत."

एका गोष्टीवर मात्र साहेब कधी थट्टा करत नसत आणि करू देत नसत. ती म्हणजे एकतरफा चार्ज. सरकारात अशी सोय आहे. जाणारा माणूस चार्ज द्यायला तयार नसेल किंवा हजर नसेल, तर येणाऱ्याने एकट्यानेच सही करायची आणि खुर्चीत बसायचं. नियमात बसतं, कुठे ना कुठे रोज होतं. साहेब नोकरीत नवे असताना त्यांच्या कार्यालयातल्या एका म्हाताऱ्या हेडक्लार्कचं असं झालं. त्याची नजर गेली होती, बेरजा चुकत होत्या. एक दिवस तो तापाने घरी राहिला आणि दुसऱ्या दिवशी आला, तर त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस.

"डबा हातात घेऊन उभा होता, संध्याजी. डबा कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, कारण रोजचा कोनाडा त्या टेबलामागे होता." साहेब सांगत. "त्याचं चुकत होतं हे खरं. त्याला बाजूला करायलाच हवं होतं. पण कोणीतरी त्याच्याकडे मागायला हवं होतं ना? त्याने दिला असता."

घरी साहेबांची ही विद्या काकूंच्या वाट्याला आली. काकू ठेंगण्या, चटपटीत आणि तोंडाने तिखट. माहेर झाशीचं. गाडीत बसून शेंगा सोलेपर्यंत झाशी येते, पण तेवढ्यासाठीसुद्धा स्वयंपाकघराचा चार्ज दिल्याशिवाय त्यांना घरातून निघता येत नसे. एकदा भावजयीशी काही बिनसलं आणि त्या ठरल्यापेक्षा आधीच परत आल्या. हातात पिशवी, डोक्यात राग. साहेबांनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

"आधी चार्ज परत घे. मिळालेले कप सहा, पैकी एक कानतुटका. परत देतोय सहा. कानतुटके दोन."

"आणि माझी कढई काळी ठिक्कर कशाने पडली?"

"ती नैसर्गिक झीज."

काकूंनी पिशवी खाली ठेवलीच नाही. "मी परत झाशीला चालले," म्हणाल्या. "तिथली भावजय बरी. ती नुसती भांडते." अर्थात गेल्या नाहीत. पण त्या कढईवरून साहेबांना नंतर कित्येक वर्षं ऐकावं लागलं, आणि ते ऐकून घेत, कारण कढई त्यांच्या चार्जमध्ये असताना काळी झाली होती हे त्यांना मान्य होतं.

मंजिरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या, आणि साहेब जावयाला मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेलेले.

"सचिनराव, ऐका. सकाळी चहाआधी हिच्याशी बोलायचं नाही. रस्ते हिच्या लक्षात राहत नाहीत, पण कबूल करत नाही. तेव्हा चुकल्यावरसुद्धा गप्प बसायचं, ती आपण होऊन वळते. सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत, अंगावर उठतं. रागावली की जेवत नाही, पण शिरा केला तर खाते."

"बाबा, मी काय टाइपरायटर आहे का?" मंजिरी रडता रडता ओरडली.

"नाहीस. म्हणून तर वेळ लागतोय."

सचिन इंदूरचा, कॉम्प्युटरवाला, समजूतदार. "घेतला, बाबा," तो म्हणाला. पण साहेब न्यायी माणूस. मुलीचा चार्ज दिला तर मुलाचाही मिळायला हवा. ते विहीणबाईंकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "आता आपण सचिनरावांचा चार्ज आमच्या मुलीला द्यावा." विहीणबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि मग सुरू झाल्या, त्या कांजिण्यांपासून. बस हॉर्न देत राहिली. वऱ्हाडी दोनदा चढले नि दोनदा उतरले. सचिन सातवीत सायकलवरून पडला तिथपर्यंत आल्यावर लोकांनी त्यांना अक्षरशः धरून बसमध्ये बसवलं. साहेबांना याची चुटपुट राहिली. पुढे त्या दोघांचं कधी काही खटकल्याचा फोन आला की ते फोन ठेवून म्हणत, "अपूर्ण चार्ज. दुसरं काही नाही."

काकूंचं विसरणं सुरू झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं, कारण त्या आपल्या विसरण्याचीही थट्टाच करत. आमटीत दोनदा मीठ पडलं तर म्हणत, "समुद्र लांब आहे ना आपल्याला, म्हणून." मला एकाच दुपारी दोनदा चहा दिला, तर म्हणाल्या, "पहिला तुझा, दुसरा तुझ्या नवऱ्याचा, त्याला सांग जाऊन." मग एक दिवस पाटणकर बाजारातल्या एका कापडवाल्याने त्यांना ऑटोत बसवून घरी आणून सोडलं. ज्या बाजारात त्यांनी सगळा संसार विकत घेतला, तिथून घरी कसं यायचं ते त्यांना आठवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं.

तरी स्वयंपाक काकूच करत होत्या. मग एका सकाळी त्यांनी गॅसचं बटण फिरवलं आणि पेटवायचं राहिलं. साहेब बाहेर झाडांना पाणी घालत होते. मी काही परत करायला म्हणून गेले, तर दारातच वास आला. धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. काकू तिथेच पाटावर बसून निवांतपणे मटार सोलत होत्या.

दुसऱ्याच दिवशी मंजिरी इंदूरहून आली. दुपारी काकू झोपल्यावर आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो.

"बाबा, आता बस झालं," ती म्हणाली. "मैंने सोच लिया है. उद्यापासून बाई येईल, दोन्ही वेळचं करून जाईल. शेगडीची बटणं मी काढून ठेवते आणि स्वयंपाकघराला कुलूप. आईला दोन दिवस वाईट वाटेल, फिर भूल जाएगी."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

"तिला विचारलंस?" साहेब म्हणाले.

"काय विचारू? तिला आपण जेवलो की नाही ते आठवत नाही!"

"तरी."

"आणि आग लागली म्हणजे? तुम्ही झाडांना पाणी घालत होतात, बाबा. संध्यामावशी नसती आली तर? आप समझते क्यों नहीं?"

"समजतं. काढायला हवं हे समजतं मला. पण एकतरफा नाही."

"हे ऑफिस नाहीये, बाबा!" मंजिरी रडायलाच लागली.

खरं सांगते, मी मंजिरीच्या बाजूची होते. तिचं काहीच चुकत नव्हतं. आदल्या दिवशी गॅसचा तो वास मी घेतला होता, आणि इथे हा माणूस सरकारी नियम काढून बसला होता. मला साहेबांचा राग आला. त्यांनी तो पाहिला असावा, कारण ते आम्हा दोघींना म्हणाले, "एक सकाळ द्या मला. सकाळी तिला बरं असतं. मी मागतो. तिने नाही दिला, तर मंजिरी म्हणेल ते. कुलूप मी स्वतः लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. जाऊन पाहते तो साहेब अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट खोचून, पायात काळे बूट चढवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे. मंजिरी त्यांच्या मागे. आत काकू पोहे धूत होत्या.

"हे काय? कुठे निघालात?"

"कामावर रुजू व्हायला."

"तुम्ही केव्हाच निवृत्त झालात." काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. "घ्या! आता यांचंही सुरू झालं वाटतं."

मंजिरीला हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. काकूंना ते जन्मभर अगं-तुगं करत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "स्वयंपाकघराचा चार्ज मागायला आलोय. देता का?"

काकूंचे हात पोह्यांत थांबले. "का? माझी बदली झाली?"

"नाही. रजा."

"मी नाही मागितली."

"तुमच्या खात्यावर फार साठली आहे. झाशी सोडली तर लग्नापासून एक दिवस घेतली नाहीत. वाया जाईल."

नळ तसाच वाहत होता, तो मंजिरीने आत जाऊन बंद केला. आता काकू रागावणार, किंवा विषयच विसरणार, असं मला वाटलं. साहेबांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या माणसासारखा झाला होता. मग काकू म्हणाल्या, "मला समजतं हो सगळं. गॅसचं मला माहीत पडलं. संध्या धावत आलेली दिसली मला, पण कशाला धावून राहिली आहे तेच कळेना. मला फार भीती वाटते हो आजकाल."

इतकं सरळ काकू कधी बोलल्या नव्हत्या. साहेब बुटांसकट आत गेले आणि त्यांनी काकूंचे ओले हात धरले. "भीतीपण देऊन टाका," म्हणाले. "तीही चार्जमध्ये घेतो."

काकूंनी हात सोडवून घेतले, डोळे पुसले आणि पदर खोचला.

"बूट काढा आधी," म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघराचा चार्ज बूट घालून नाही मिळत."

तो चार्ज देण्याचं काम पुढे बऱ्याच सकाळी चाललं. काकूंचं डोकं स्वच्छ असेल तेवढा वेळ. हिंगाला ओला हात लावायचा नाही. जिऱ्याचा वास आला की कढई खाली, करपल्याचा आला म्हणजे उशीर झाला. आमटीत गूळ आधी, आमसूल मागून. डाळ कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडूनच घ्यायची, त्याच्या मुलाकडून नाही, मुलगा खडे बघत नाही. साहेब एकेक गोष्ट करून दाखवत आणि "घेतला" म्हणत. पहिली पोळी लाटली तेव्हा काकूंनी ती उचलून उजेडात धरली.

"हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?"

"भिंड," साहेब म्हणाले.

"मग उद्या मुरैना करा. बघू जमतं का."

मंजिरी ओट्याला टेकून हे बघत असे. तिने बाई लावली, पण वरकामाला. कुलूप तिने आणलं होतं, ते तसंच खोक्यात राहिलं. गॅसचा लायटर साहेबांच्या खिशात गेला आणि शेगडी पेटली असेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत हे ठरलं.

असंच एके सकाळी काकू डबे दाखवता दाखवता थांबल्या आणि साहेबांकडे वळून हळूच म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा बरं का. आमच्या साहेबांना वांगं आवडत नाही."

मंजिरीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"ते सांगत नाहीत," काकू सांगत होत्या. "पानात वाढलं तर गुपचूप खाऊन घेतात, आणखी वाढू का म्हटलं तर हो पण म्हणतात. पण मला समजतं ना. म्हणून मी घरात वांगं आणतच नाही. तुम्हीसुद्धा नका आणू."

त्या कुणाशी बोलतायत हे विसरल्या होत्या की थट्टा करत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांत नेहमीची चमक तर होती.

"घेतला," साहेब म्हणाले.

मंजिरी तोंडाला ओढणी लावून अंगणात निघून गेली. मीही तिच्यामागे गेले, कारण मलाही तिथे उभं राहवेना. मी साहेबांवर रागावले होते ते तिथल्या तिथे संपलं.

गेल्या हिवाळ्यात मी निवृत्त झाले आणि भोपाळला मुलाकडे राहायला जायचं ठरलं. जाण्याआधी निरोप घ्यायला गेले. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून काकू उन्हात बसल्या होत्या, अंगावर शाल. आत साहेब, कमरेला पंचा, गळ्याचं बटण लावलेलं.

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"संध्या. आपली."

"हो का," काकू सभ्यपणे म्हणाल्या. "बसा ना. जेवूनच जा आता." मला त्यांनी जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं, आणि ते मला फार लागलं.

साहेबांनी मला पाट दिला. आमटी उकळत होती, गूळ आधी आणि आमसूल मागून पडलेलं वासावरून कळत होतं. त्यांनी पळीत थोडी घेतली, निववली आणि काकूंच्या ओठांपाशी धरली. काकूंनी डोळे मिटून चव घेतली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी तो जुना आवाज ऐकला.

साहेबांनी चव पाहिली. मला तळहातावर दिली, मीही पाहिली. मीठ अगदी बरोबर होतं. साहेबांनी चिमूटभर मीठ घेऊन आमटीत टाकलं आणि पळी पुन्हा पुढे केली.

"अजून."

त्यांनी अजून टाकलं.

"आता ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि शाल सावरून मागे रेलल्या.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "बरोबर होतं की मीठ."

"मूळ पद त्यांचं आहे, संध्याजी," साहेब पानं घेता घेता म्हणाले. "मी प्रभारी."

आमटी खारट झाली होती. साहेबांनी ती भुरके मारत खाल्ली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. काकू बघत होत्या. मग मीही वाटी पुढे केली.